सातवी दुरुस्ती

अकोल्याहून आलेली पॅसेंजर बडनेऱ्याला शकुन गावंडेला उतरवून नागपूरकडे निघून गेली. शकुनच्या एका हातात जेवणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात लाकडी पेटी. डबा हलका होता. पेटी मात्र अशी जड, की चार पावलं गेलं की ती खाली ठेवायची, हात झटकायचा, पुन्हा उचलायची... आणि आपली ही फजिती कोणी पाहत तर नाही ना, याची खात्री करायची.

कोणीतरी पाहत होतं.

"शिवणाचं मशीन आहे का?" बाकावरच्या माणसाने विचारलं. तो संत्रं सोलत होता. जानेवारीच्या उन्हात सालीचा वास असा पसरला होता की फलाटावरचा कोळशाचा धूरही जरा बाजूला सरला असावा.

"नाही."

"मग हार्मोनियम?"

"हार्मोनियम एवढी जड असते का?"

"ठाऊक नाही. परवानगी असेल तर उचलून बघतो, मग सांगतो."

त्याने पेटी उचलली, बाकावर ठेवली आणि क्षणभर मान तिरकी करून थांबला. "गणनयंत्र. जुन्या घडणीचं. हँडल उजव्या बाजूला."

शकुन चकित झाली. "पेटी न उघडता?"

"वजन सगळं एका बाजूला आहे. शिवाय तुमच्या उजव्या तळहाताला घट्टा पडलाय."

तिने हात पदराखाली घेतला. अमरावतीच्या गाडीला अजून चाळीस मिनिटं होती. दोघं बाकावर बसली आणि मधे पेटी बसली, सोबतीला आलेल्या आत्याबाईसारखी.

"यंत्र कुठे नेताय?"

"जाब द्यायला," शकुन म्हणाली. आणि मग, अनोळखी माणसाशी बोलण्यात एक मोकळेपणा असतो तसा आल्यामुळे, तिने सगळंच सांगितलं.

कापूस-चाचणी योजनेच्या अकोला केंद्रात ती गणक होती. बी.एस्सी. झाल्यावर मिळालेली तात्पुरती जागा. शेतातल्या हजारो झाडांची उंची, बोंडांची संख्या, रुईचं वजन असे सगळे आकडे तिच्याकडे यायचे. तेच आकडे अमरावतीच्या केंद्रातही जायचे. दोन्हीकडे वेगवेगळी आकडेमोड व्हायची आणि महिन्याच्या शेवटी जुळणी. उत्तरं जुळली तर बरोबर. आकडेमोड कशी करायची याचं छापील कृतिपत्रक होतं. पायरी पहिली, पायरी दुसरी, अशा एकतीस पायऱ्या. ते पत्रक अमरावतीहून सुधारत राहायचं. टपालाने चिठ्ठी यायची, 'तिसरी दुरुस्ती', 'चौथी दुरुस्ती'; ती डिंकाने जुन्या पायरीवर चिकटवायची आणि त्या दिवसापासून नव्या रीतीने हँडल फिरवायचं.

"सहाव्या दुरुस्तीपर्यंत माझा एक आकडा चुकला नव्हता," शकुन म्हणाली. "मग सातवी आली. तेव्हापासून जुळणीत दर महिन्याला दोन-तीन ठिकाणी फरक. आणि अमरावतीकर म्हणतात, चूक अकोल्याची."

"सातवीत एवढं काय आहे?"

"लिहिणाऱ्याची हुशारी आहे. यंत्राच्या डाव्या टोकाला उंची लावा, उजव्या टोकाला बोंडं लावा, एकदाच फिरवा, म्हणजे दोघांच्या वर्गांच्या दोन आणि गुणाकाराची एक, अशा तीन बेरजा एकदम. वेळ निम्मा! युक्ती सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. पण या माणसाने स्वतः कधी दिवसभर हँडल फिरवलेलं नाही. बारावी पायरी वाचा. 'मग सावकाश फिरवावे.' सावकाश म्हणजे किती? सांगायचं तर आकडा सांगावा, नाही तर गप्प बसावं."

माणसाची बोटं संत्र्यावर थांबली होती. "सेकंदाला एक फेरा, असं हवं होतं."

"बघा! तुम्हाला कळतं, त्याला कळत नाही."

"आठव्या दुरुस्तीत घालतो."

"...काय?"

"मी उद्धव पिंपळखुटे," तो म्हणाला. "अमरावती केंद्र. सातवी माझीच."

समोरच्या रुळावर मालगाडी उभी होती. तिच्याखाली जावं, की तिच्यात बसून कुठेतरी निघून जावं, एवढंच काय ते शकुनला ठरवायचं उरलं होतं. तेवढ्यात अर्धं संत्रं तिच्यासमोर आलं.

"घ्या. थोडं आंबट आहे..." तो हसला, "पण तुमच्याइतकं नाही."

तिने फोड तोंडात टाकली. गोड होती. तिने तसं सांगितलं मात्र नाही.

*

अमरावतीच्या कचेरीत मोरोपंत साहेबांनी दोन्हीकडचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. योजनेचे प्रमुख, सुपारीचं खांड गालात धरून बोलणारे, आवाज न चढवता माणसाला घाम फोडणारे.

"गावंडेबाई, सहा फरक. तीन महिन्यांत सहा. हंगामाचा अहवाल फाल्गुनात जायचा आहे. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाही तर 'गणकाची चूक' असा शेरा मारावा लागेल, आणि शेरा मारलेली नेमणूक पुढे चालू राहत नाही. मला वाईट वाटेल, पण नियम आहे."

शकुनने मान हलवली. तिला वाटणारं वाईट साहेबांपेक्षा मोठं होतं. गावी भगवंतरावांनी, तिच्या वडिलांनी, दिवाळीतच सांगून ठेवलं होतं: "होळीवरी नवकरी पक्की झाली त ठीक. नाई त परतवाड्याचं स्थळ पक्कं." परतवाड्याच्या मुलाची साठ एकर जमीन होती. तो शकुनला बघून गेला, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "भाकर येते ना थापता?"

"चूक माझी नाही, हे मी सिद्ध करीन," ती म्हणाली.

"माझीही नाही," उद्धव म्हणाला. "मी सातवी शंभर उदाहरणांवर तपासली आहे."

"मग दोघं मिळून शोधा चूक कोणाची ते," मोरोपंत म्हणाले आणि सुपारी दुसऱ्या गालात गेली.

*

टपाल सुरू झालं. तो दर मंगळवारी दहा उदाहरणं पाठवायचा, ती गुरुवारी उत्तरं. पहिल्या पत्रात मायना होता 'कु. गावंडे यांस'. तिसऱ्यात 'शकुनबाई यांस'. चौथ्यात उदाहरणांखाली एक ओळ होती: 'राजापेठेत आज संत्री स्वस्त होती, पण बाकावर बसून खाण्यात जी मजा ती घरी नाही.' शकुनने त्या ओळीखाली लाल शाईने लिहिलं, 'हे विधान पुराव्याअभावी स्वीकारता येत नाही,' आणि कागद परत पाठवला. मग पोस्टाच्या पेटीपासून घरापर्यंत ती उगाचच हसत आली.

पाचव्या आठवड्यात पुरावा द्यायला तो स्वतः आला. शनिवारी, अकोल्याला, पिशवीभर संत्री घेऊन.

दुपारी कापसाच्या गाड्या रस्त्याने जात होत्या. बैलांच्या घुंगरांच्या आवाजाबरोबर खिडकीतून रुईचे तंतू आत तरंगत येत होते. उद्धव तिच्या हातांकडे बघत होता, चूक कुठे होते ते शोधायला. निदान त्याने कारण तरी तेच सांगितलं.

"पन्नास फेरे झाले. एकही चूक नाही."

"मी सांगितलं होतं."

"तुमचा हात घड्याळासारखा चालतो."

"ही स्तुती आहे की निरीक्षण?"

"निरीक्षण. स्तुती करायची तर मी..." तो अडखळला. त्याच्या डाव्या भुवईवर कापसाचा एक तंतू येऊन बसला होता. शकुनने बराच वेळ तिकडे दुर्लक्ष करून पाहिलं. शेवटी पेन्सिलच्या टोकाने तो हळूच उचलला. उद्धव श्वास रोखून बसला होता... यंत्रात बोट अडकल्यासारखा.

नेमक्या त्याच वेळी मैनाबाई डबा घेऊन दारात आल्या. मैनाबाई म्हणजे शकुनची मावशी. तिच्याचकडे शकुन राहायची. मावशीने पेन्सिल पाहिली, भुवई पाहिली, डबा टेबलावर आपटला.

"काहो, मशीन दुरुस्त करून राहिले का पोरगी पाहून राहिले?"

"मा... मावशी, आम्ही चूक शोधतोय."

"सापडली दिसते," म्हणत मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही.

*

उत्तर सापडलं ते पुढच्या शनिवारी. शकुनने सहाही फरक एका कागदावर एकाखाली एक मांडले होते.

"हे बघा. आपण चूक कुठे आहे ते पाहतोय, पण ती कशी आहे ते पाहिलंच नाही. माझं उत्तर दरवेळी कमीच आहे. जास्त कधीच नाही. आणि फरक फक्त एकचा, तोही अगदी डावीकडे. माणूस चुकला तर कधी कमी चुकेल, कधी जास्त. इतकी शिस्तीत चूक माणूस करत नाही."

उद्धवने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुढे?"

"पुढे एक पोरखेळ. हसू नका."

तिने यंत्राच्या तेराही खिडक्यांत नऊ आणले. तेरा नऊ, एका रांगेत. मग उजवीकडे एक लावला. "आता यात एक मिळवला की सगळी शून्यं व्हायला हवीत."

तिने हँडल फिरवलं. सेकंदाला एक फेरा. उजवीकडून शून्यं धावत निघाली, टिक् टिक् टिक्, चार, सात, नऊ, दहा...

आणि थांबली. डावीकडचे तीन नऊ जागच्या जागी.

दोघांची डोकी यंत्रावर इतकी जवळ आली होती की तिच्या वेणीतल्या अबोलीचं एक फूल त्याच्या मनगटावर पडलं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मावशीचं होतं.

"पुन्हा," उद्धव पुटपुटला.

पुन्हा तेच. दहाव्या खिडकीपाशी हातचा हरवत होता.

"बिघडलंय का?"

"नाही..." तो सावकाश म्हणाला. "हे असंच बनवलेलं आहे. जुन्या घडणीत हातचा दहा घरांपर्यंतच पोचतो. आपल्या बेरजा पूर्वी दहा घरांपलीकडे जातच नव्हत्या, म्हणून कधी कळलं नाही. सातवीने पहिल्यांदा तेराही घरं वापरली. माझं यंत्र नवं आहे, त्यात तेराही घरं नीट चालतात. आणि मी फक्त माझ्याच यंत्रावर तपासलं."

"यवतमाळ, खामगाव, वाशीम... तिथली यंत्रं?"

"सगळी याच्याच वयाची."

"मग त्यांच्या बेरजाही..."

"हो."

आनंदाने उडी मारावी असा क्षण होता. शकुनने मारलीही असती. पण तिला एकदम आठवलं. एप्रिलमध्ये उद्धव कलकत्त्याला जाणार होता. तिथे विजेवर चालणारं, खोलीभर पसरलेलं गणकयंत्र आलं होतं आणि ते चालवायला शिकण्यासाठी विदर्भातून एकाच माणसाची निवड झाली होती. निवड झाली ती याच सातव्या दुरुस्तीमुळे.

"आपण असं लिहू," ती घाईने म्हणाली, "अकोल्याचं यंत्र नादुरुस्त होतं. मग शेरा माझ्यावर येत नाही, आणि तुमचं कलकत्ताही..."

"आणि यवतमाळचा गणक? उद्या त्याच्यावर शेरा येईल. त्याला हे नऊ-नऊचं सुचेलच असं नाही."

"पण तुमचं..."

"शकुन." पहिल्यांदाच नुसतं नाव. "या आकड्यांवरून ठरणार आहे की पुढच्या वर्षी कोणतं बी पेरायचं. तुमचे वडीलही पेरतील ते. यंत्र नादुरुस्त नाही. मी लिहिलेलं चुकलंय. तेवढंच लिहायचं."

आणि त्याने तिथेच, तिच्याच दौतीत टाक बुडवून लिहिलं: 'सातवी दुरुस्ती रद्द समजावी. जुन्या यंत्रांवर तपासणी न करता ती लागू केली, ही चूक लिहिणाऱ्याची. दोष अकोल्याच्या गणक कु. शकुन गावंडे यांनी शोधला.' खाली सही. शाई वाळेपर्यंत मावशीने एक संत्रं सोललं आणि, विचारात असल्यासारखं, अर्धं-अर्धं दोघांपुढे ठेवलं.

*

मोरोपंतांनी दोघांना समोर उभं केलं.

"पिंपळखुटे, सगळ्या केंद्रांची आकडेमोड पुन्हा होईल, आणि ती तुम्ही करून घ्याल. उन्हाळाभर. कलकत्ता विसरा." त्यांनी सुपारी चघळली. "आता कलकत्त्याची जागा रिकामी ठेवली तर ती नागपूरवाले घेतील, हे मला चालणार नाही. गावंडेबाई, तुमचं नाव धाडू का? सहा महिने. परत आल्यावर नेमणूक कायम."

शकुनने उद्धवकडे पाहिलं. तो असा काही उजळला होता की जणू निवड पुन्हा त्याचीच झाली.

बाहेर व्हरांड्यात तिने विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. साधारण अकरा मिनिटं."

"मोजली?"

"सवय आहे." मग तो गंभीर झाला. "जाणार ना?"

तिने घरी पत्र टाकलं; गावाहून उत्तर चौथ्या दिवशी आलं. भगवंतरावांनी कार्डावर दोनच ओळी लिहिल्या होत्या. कलकत्ता नाही. होळीला घरी ये, पाहुणे येणार आहेत.

शकुनने ते कार्ड तसंच अमरावतीला उद्धवकडे पाठवलं, खाली काही न लिहिता.

*

रिद्धपूरला एस.टी.तून उतरून पुढे दोन मैल चालत उद्धव पिंपळखुटे गावात पोचला, तेव्हा त्याच्या वहाणा काळ्या मातीच्या धुळीने ओळखू येत नव्हत्या. होळीला तीन दिवस होते. ओसरीवर भगवंतराव सरकीचं पोतं शिवत होते. शकुन चुलीपाशी होती. आवाज ऐकला आणि तिच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली.

"बसा," भगवंतराव म्हणाले. "तुमीच काय ते, चूक कबूल करनारे?"

"हो."

"सरकारी मानूस कबूल करते, हे मी पयल्यांदा आयकलं. बरं, मले सांगा, थे कलकत्त्याचं मशीन कापूस येचते काय?"

"नाही."

"मंग पेरते?"

"तेही नाही. बेरजा करतं. इथे ज्याला महिना लागतो ते तासाभरात. पण त्याला स्वतःची अक्कल नसते. काय करायचं ते पायरी-पायरीने आधी लिहून द्यावं लागतं. अशा पायऱ्या लिहिणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत."

"आन आमची शकुन त्यायच्यातली?"

"माझ्यापेक्षा चांगली होईल. मी रीत लिहितो. ती रीत कुठे फसेल ते त्यांना दिसतं. हे दुसरं जास्त कठीण आहे."

भगवंतरावांनी दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. "हे तुमी चिठ्ठीत बी लिवू शकत होते. दोन मैल पायी काहून आले?"

स्वयंपाकघराच्या दाराआड शकुनने चौकट घट्ट धरली. एकतीस पायऱ्या सरळ सांगू शकणारा माणूस... आता त्याला पहिलीच सुचत नव्हती.

"कारण..." तो म्हणाला, "त्या कलकत्त्याहून परत आल्या, की मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. त्यांना विचारलेलं नाही. आधी विचारायला हवं होतं. माझा क्रम चुकला."

भगवंतरावांनी पोतं बाजूला सारलं.

"बामन ना तुमी?"

"हो. आईला सांगितलंय. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, मुलगी उंच आहे का, आपल्या घराची दारं ठेंगणी आहेत."

भगवंतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की राग ते कळेना. "आमच्या पंथात जात पाहू नये म्हनतात. लगनाची गोष्ट निंगाली का सारेच पाहतात." ते वळले. "शकुन! आयकून राहिली ना दाराआडून? ये भायेर."

ती आली. हाताला पीठ, कपाळावर घाम. उद्धवसमोर ती आजवर कॉलेजातली मराठी बोलत आली होती. आता तेवढं अवधान तिला उरलं नाही.

"बाबा, मले परतवाड्याले नाई जाचं. मले कलकत्त्याले जाचं हाये. मी शोधली थे चूक, मले पुढचंही शिकाचं हाये." तिने दम घेतला. "आन परत आल्यावर... ह्यायच्याच घरी जाचं हाये. वाकून जाईन दारातून."

आतून तिच्या आईचा, दुर्गाबाईंचा आवाज आला, "आता त पोरीनं सोताच सांगतलं. पाहुन्याले निरोप धाडा!"

भगवंतराव उठले, उद्धवच्या धुळकट वहाणांपाशी थांबले.

"पयले कलकत्ता. सहा मयन्यानं दोघंबी हेच म्हनसान, त मी नाई म्हननार नाई." ते तांब्या घेऊन विहिरीकडे वळले. "आन पावना जेवल्याबिगर जाचा नाई. शकुन, वाढ त्याले."

पाटावर बसलेल्या उद्धवच्या ताटात तिने ज्वारीची भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. जवळ वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "मला न विचारता मागणी घालतात का?"

"चुकलंच. आता विचारू?"

"आता उत्तर सगळ्या गावाने ऐकलंय." तिच्या गालावर चुलीचा नसलेला लालपणा चढला. "जेवा."

त्याने घास घेतला. कान लाल झाले, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दाराच्या चौकटीला टेकून ती बघत राहिली.

"तिखट लागलं का हो?"

"छे," उद्धव म्हणाला. "अजिबात नाही."

त्याने तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. शकुनने दह्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.